सील न फोडलेली बाटली

२००९ सालची गोष्ट. राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात भर दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली आणि बॅटऱ्या दुरुस्त करणारा जोतीराम जिना चढून वर आला. आल्या आल्या बिनखिडकीच्या खोलीतल्या अंधारात त्यानं तिथं काम करणाऱ्या संघप्रियाच्या पायावरच पाय दिला!

“दिसलं न्हाय ओ...”

“दिसावं म्हणूनच तुम्हाला बोलावलंय की!”

लाईट आली, तशी त्याची नजर तिच्या कॉम्प्युटरवरच्या आलेखातल्या निळ्या काठ्यांवर खिळली. “ह्ये काय?”

असं कुणी विचारायचं नाही. पेठ वडगावात आईलाही ‘कॉम्प्युटरचं काम’ एवढंच ठाऊक. संघप्रियाला इतकं बरं वाटलं, की ती खुर्ची वळवूनच बसली.

“अमेरिकेत दुकानांच्या, ऑफिसांच्या इमारती गहाण ठेवून कर्ज काढतात. अशी पुष्कळ कर्जं एकत्र करून त्यांचे रोखे विकतात. आता मंदीत ते घ्यायला कुणी धजत नाही, म्हणून घेणाऱ्यांना तिथलं सरकार पैसे पुरवतंय. दर महिन्याला असे किती पैसे मागितले जातात, ते मी टिपतो.” अस्सल कोल्हापूरची पोरगी, ‘टिपते’ म्हणेल तर शपथ!

“बाजारात गुळाच्या ढेपा एकत्र करून सौदा लावत्यात, तसंच की! आनि काठीच उरली न्हाय तर?”

“तर हे टेबल बंद. मी पुण्याच्या ऑफिसात.”

जोतीराम परत बॅटरीकडं वळला. बॅटरीला अडकवलेल्या कार्डावर तारीख टाकून, सही करून गेला.

पुढच्या बुधवारी पुन्हा हजर. मग दर बुधवारी. “बॅटरीचं पानी बघाया आलोय,” म्हणायचा, पण बॅटरीआधी काठ्या बघायचा. “वाढली काय ओ?” काठ्या मात्र उतरतच चालल्या. बुधवारी संघप्रियाच्या अंगावर नेमका नवा ड्रेस असायचा... योगायोग, असं ती स्वतःला बजावायची.

२०१०च्या मार्चमध्ये काठी उरलीच नाही. पुण्याचं पत्र आलं. टेबल आवरताना बॅटरीचं कार्ड तिच्या हाताला लागलं. वर छापलं होतं – पाणी तीन महिन्यांतून एकदा. खाली सह्या अठ्ठावीस! शेजारी त्यानं ठेवलेली डिस्टिल्ड वॉटरची बाटली. उचलून पाहिली, तर सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. बाई गं! अमेरिकेतली गिऱ्हाइकं टिपत बसलो मी!

बुधवारी तो आला. तिनं बाटलीच पुढं धरली. “मग अठ्ठावीस वेळा कशाला आलासा?”

त्याचे कान लाल झाले. “तुमाला बघाया...” मग अडखळत म्हणाला, “टिपायचं काम तुमचं. मला वाटलं, कवाच कळलं आसंल.”

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. तिला तो आवडत होता, खूप आवडत होता. कधीपासून, ते मात्र तिनं कुठंच टिपलं नव्हतं.

“पुण्याला जायला आठ दिवस आहेत,” असं म्हणत तिनं कार्डावर पुढच्या भेटीच्या रकान्यात लिहिलं – रविवार, पेठ वडगाव.

“तुमच्या घरात इन्व्हर्टर हाय?”

“नाही.”

“मग तुमच्या आईला काय सांगायचं?”

“तेच,” संघप्रिया म्हणाली, “जे आत्ता मला सांगितलंस.”