व्हर्दीन तळ्यावरचे ऐंशी एकर

"ओडील, तळं गेलं! ये, आणि आधी त्या लामला उचल!"

फोन क्लोविसकाकांचा होता. व्हर्दीनच्या मच्छीमारांचे ते पुढारी. मत्स्यखात्याची अधिकारी ओडील गिद्री धक्क्यावर पोचली तेव्हा पाणी दिसतच नव्हतं. सहाशेचाळीस एकर तळ्यावर या काठापासून त्या काठापर्यंत सॅल्व्हिनिया या तरंगत्या पाणवनस्पतीचा हिरवा थर. कडेला मेलेले मासे, आणि नाक फुटेल असा वास.

लाम हा गावात नवा आलेला मच्छीमार. त्याची जाळी कुणीतरी कापून टाकली होती. तो तुकडे गोळा करत होता.

"इथं कधी आलात?"

"तीन आठवडे झाले."

"बोट धुऊन आणली होती?"

"धुतली होती. पण कोण ऐकतंय?"

"तेव्हा हे तळ्यात होतं?"

"पूर्वेच्या खाडीत, झाडांआड. मी विचारलं, तर म्हणाले, शेवाळ आहे, तुझं काम बघ."

गावातल्या प्रत्येकाचं उत्तर मात्र एकच : लाम आला आणि घाण आली. ओडीलचं डोकं उठलं होतं. वरून साहेबांचा तगादा, संध्याकाळपर्यंत लामचा परवाना रद्द करा.

क्लोविसकाकांकडे कॉफी झाली. फळीवर चकचकीत ढाल होती.

"एप्रिलात टेक्सासच्या धरणावर मासेमारीची स्पर्धा मारली!" काका फुशारले.

"पण बोटी पाण्यात उतरवायचा आपला सरकारी रॅम्प तर पुरानंतर जुलैपर्यंत बंद होता. बोट काढली कुठून?"

"माझा स्वतःचा रॅम्प आहे, पोरी. गावात एकट्याचा!"

युलालीकाकू म्हणाल्या, "पण बाई, मे महिन्यात यांनीच दंताळ्यानं..."

"युलाली, कॉफी उतू चाललीय!"

चुलीवर काहीच नव्हतं.

ओडील गाडीत येऊन बसली आणि वैतागून स्टिअरिंगवर मूठ आपटली. गेल्याच शनिवारी ती इथं बोटीतून फिरली होती. तेव्हा अर्धं तळं मोकळं होतं. आठवड्यात अर्ध्याचं पूर्ण?

ती तशीच थांबली. मग गाडीतून उतरली आणि सगळ्यांना काकांच्या रॅम्पवर बोलावलं.

"हे सॅल्व्हिनिया उबदार हवेत आठवड्याला दुप्पट होतं," ती म्हणाली. "आज, ऑक्टोबरच्या मध्याला, सगळं तळं. गेल्या शनिवारी अर्धं. त्याआधी पाव. लाम आला तेव्हा आठवा हिस्सा, म्हणजे ऐंशी एकर. काका, ऐंशी एकर त्यानं त्या होडीत घालून आणले का?"

कुणीतरी हसलं.

"मग आधी कुणाला दिसलं कसं नाही?" काका गुरकावले.

"खाडीतलं कोण बघतंय? पहिले कितीतरी आठवडे ते नजरेतच येत नाही, आणि शेवटच्या एका आठवड्यात अर्धं तळं गिळतं. असंच दर आठवड्याला अर्धं करत मागे जा. मेअखेर एका गोधडीएवढं. एप्रिलच्या सुरुवातीला ओंजळभर. एवढं बोटीखाली चिकटून येतं. टेक्सासच्या त्या धरणात हे सॅल्व्हिनिया आहे, खात्याला ठाऊक आहे. आणि एप्रिलात या तळ्यात बोट उतरवू शकणारा माणूस एकच होता. काकू, मे महिन्यात यांनी दंताळ्यानं काय केलं?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. "धक्क्यापाशी हिरवं साचलं होतं. यांनी ते आत ढकललं."

काका पुटपुटले. "गोधडीएवढंच होतं गं. वाटलं, वाहून जाईल. बोट न धुता आणली हे कळलं असतं तर परवाना गेला असता."

"म्हणून लामचा घालवायला निघालात? अहो, त्याच दिवशी मला फोन केला असतात, तर आपण दोघांनी दुपारभरात उपसून टाकलं असतं."

लोक एकेक करून पांगले. लामची माफी कुणी मागितली नाही.

ओडील त्याच्याकडे गेली. "तुमच्यावरचा आळ गेला. परवाना तुमचाच राहील. जाळ्यांची भरपाईही मिळवून देते."

लामनं त्या हिरव्या थराकडे पाहिलं.

"बाई, नवी जाळी मिळतील हो," तो म्हणाला. "टाकू कुठं?"