धाकटीची जागा

खुर्चीचं जुनं कापड उसवून झाल्यावर कारागिरानं विचारलं, "ताई, हिच्यावर दोघं बसायचे का?"

"नाही. एकटे बाबा."

त्यानं काथ्याच्या थरावरून बोट फिरवलं. मधोमध मोठा खळगा होता आणि त्याला बिलगून, डाव्या हाताशी, एक लहान. "मग हा कुणाचा?"

कुणाचा ते थोरलीला ठाऊक होतं. फ्रॉक तोकडे पडायला लागले तरी धाकटी तिथे दाटीवाटीनं घुसायची आणि बाबा हातातला पेपर सावरत सरकून घ्यायचे. थोरली समोरच्या स्टुलावर. पुढे बाबांच्या आजारपणात औषधं, अंघोळ, रात्रीची उठबस, सगळं थोरलीनं काढलं. धाकटी पाहुण्यासारखी यायची आणि बाबांचा चेहरा खुलायचा. मरमर मरावं एकीनं, कौतुक दुसरीचं.

बाबा गेल्यावर धाकटी एवढंच म्हणाली होती, "ताई, बाकी सगळं तुला. मला फक्त खुर्ची दे."

"आधी नीट करून घेते," थोरली म्हणाली होती.

"लहान खळगा भरून टाका," तिनं कारागिराला सांगितलं. "मोठा राहू द्या."

"अहो, बैठक अशी अर्धीमुर्धी भरत नाहीत. कापडाला झोल येईल."

"येऊ दे."

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, रागावू नका, पण भरलेलं परत दबलंय. आणि दुकानाला तर कुलूप होतं."

"मांजर बसलं असेल."

"मांजर? एवढं वजनदार मांजर असेल तर दुकानात राखणीलाच ठेवतो." तो हसला, मग हसणं अर्धवट सोडून म्हणाला, "तिथे कडक फोम घालतो."

खुर्ची घरी आली. गडद हिरवं कापड, कडेनं पितळी खिळे, डावी बाजू ढोलासारखी ताणलेली. थोरलीनं ती बाबांच्या खोलीत ठेवली आणि चहा टाकायला गेली. कप घेऊन परतली तर डावीकडचं कापड खाली गेलं होतं. तिनं हात लावून पाहिला. बाकी बैठक गार होती. तेवढा खळगा कोमट.

फोम हलका वापरला असणार, तिनं स्वतःला सांगितलं. खिडकीतून ऊन येत असणार. खिडकी उत्तरेला होती.

मग कप खाली ठेवून ती त्या खळग्यात बसली. तिच्यासारख्या थोराड बाईला तो पुरायला नको होता. पुरला.

उजवीकडची बैठक सावकाश दबली. गुडघे दुखणारा माणूस बसतो तशी.

दाढीच्या साबणाचा वास आला.

खांद्यावर हात पडला.

"चिमे," बाबा म्हणाले.

चिमी म्हणजे धाकटी. ती जन्मली त्या दिवसापासून थोरली बाबांनाही नुसती ताई होती.

'मी ताई' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"ओ, बाबा," ती म्हणाली. आवाज बारीक काढून.

हात घट्ट झाला.

दिवेलागणीला धाकटीचा फोन आला. "ताई, एक विचारू? हसशील. दुपारपासून आठवून आठवून डोकं शिणलं. बाबा मला लाडानं काय म्हणायचे गं? ओठावर येतं आणि जातं."

थोरली खुर्चीतून उठली नव्हती.

"तुला?" ती म्हणाली. "तुला कुठे काय म्हणायचे? नावानंच हाक मारायचे की."