खिळ्यावरचा हिरवा दिवा

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या. आज देवाची नाही, एका खिळ्याची गोष्ट सांगायची आहे. अजून ती घडायची आहे, पण सांगणार आहे घडून गेल्यासारखी, कारण काही गोष्टी आधीच ऐकून ठेवलेल्या बऱ्या असतात.

त्या वर्षी वाडोशीच्या शाळेत प्रत्येक मुलाच्या कॉलरला एक बटण लागलं. बोराएवढं. नाव त्याचं सोबती. माणूस घाबरला की त्याच्या आवाजात एक बारीक थरथर येते, आपल्या कानांना न कळणारी. शास्त्रज्ञांनी तिला कंठकंप म्हटलं. सोबती शब्द ऐकत नसे, फक्त कंठकंप ऐकत असे. मूल सुखात असलं की बटणावर हिरवा ठिपका, बिनसलं की पिवळा, भ्यालं की लाल. आणि मूल कुठे आहे, कसं आहे, हे कुमुदिनीबाईंच्या टेबलावरच्या फलकावर उमटे.

कुमुदिनीबाई चौथीला मराठी शिकवत आणि शाळेच्या बालसुरक्षा प्रमुखही होत्या. पूर्वी त्यांच्याकडे एक निळी वही असे. कुणाही शिक्षकाला, शिपायाला एखाद्या मुलाबद्दल मनात खुट्ट वाटलं, तर पुरावा नसला तरी त्याच दिवशी त्या वहीत लिहायचं, असा नियम. नियम तसाच राहिला, पण वही कपाटात गेली. का जाणार नाही? पहिल्याच महिन्यात सोबतीने व्हॅनचा दारू पिऊन येणारा ड्रायव्हर पकडून दिला. बाईंनी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली होती.

अडचण एकाच ठिकाणी आली, संगीताच्या खोलीत. तिथे शिकवत मधुसूदनबुवा. बुवा कीर्तनकार. त्यांनी आख्यान लावलं की बाया पदराने डोळे टिपत, आणि पहिल्या रांगेत कुमुदिनीबाई. मुलं वरच्या पट्टीत गायला लागली की सोबतीला तो आक्रोश वाटे. आठवड्यात चौदा वेळा लाल दिवा.

बुवा हसत हसत ऑफिसात आले. "बाई, पोरांनी देवाला कळवळून हाक मारायची की नाही? तुमच्या बटणाला भक्ती आणि भीती यातला फरक कळत नाही हो!"

बाईही हसल्या. "मग काय करू म्हणता, बुवा?"

"दाराबाहेर खिळे ठोका. चपला दाराशी काढतोच, तशी बटणंही बाहेर."

बाईंनी परवानगीच्या कागदावर सही केली. अठरा खिळे ठोकले गेले. मंगळवारी आणि शुक्रवारी संगीताच्या तासाला मुलं बटणं काढून खिळ्यांना अडकवत आणि चपला हातात घेऊन आत, वाद्यांच्या कपाटालगतच्या फळीवर ठेवत. दाराआडून पुसट येणारं गाणं ऐकत अठरा हिरवे ठिपके बाहेर एका ओळीत लुकलुकत. बाई येता-जाता ते पाहत. आरतीच्या तबकासारखं दिसे त्यांना ते.

त्या अठरांत तिसरीतली शाल्मली निकम नावाची मुलगी होती. आठ वर्षांची, दम्याची, दप्तरात पंप घेऊन फिरणारी. आई दवाखान्यात आया. पोर आधी परिपाठाला इतकी मोठ्याने गायची की बाकीची हसत. श्रावणानंतर तिचे ओठ हलत, आवाज येत नसे. बाईंच्या ते लक्षात आलं. फलकावर मात्र हिरवं.

मग एक दिवस झाडलोट करणाऱ्या भागामावशी दारात उभ्या राहिल्या.

"बाई, ती निकमांची पोर संडासाच्या दाराला चप्पल लावती."

"म्हणजे?"

"दार मिटू देत न्हाई. फटीत चप्पल सारती निळी, मग आत बसती. तीनदा बघितलं म्या."

बाईंनी शाल्मलीला बोलावलं, जवळ बसवलं. "दार का गं उघडं ठेवतेस?"

"असंच, बाई."

"कुणी ओरडलं का? मारलं?"

"नाही, बाई." आवाज सपाट, पाटी पुसल्यासारखा. कॉलरवर हिरवा ठिपका.

ती गेल्यावर मावशी म्हणाल्या, "ल्ह्या की तुमच्या त्या वहीत."

"अहो, बटण हिरवं आहे, मावशी."

"बटणाला काय कळतंय? त्येला कधी कुणी कोंडलंय व्हय?"

बाईंनी निळी वही काढली. तारीख घातली. लिहिलं: 'शाल्मली निकम, तिसरी.' पोर मंगळवारी आणि शुक्रवारीच पोट दुखतंय म्हणते, हे त्यांना ठाऊक होतं. पुढचा शब्द कुठला येणार, हेही हाताला कळलं होतं. तो लिहिला की नियमाप्रमाणे चौकशी, आणि चौकशी होईतो बुवांना मुलांपासून दूर ठेवणं. शाळेचा उत्सव आठ दिवसांवर. मुलं कीर्तनात बुवांच्या मागे उभी राहणार होती. तेवढ्यात पलीकडून बुवांचा आवाज आला, भरलेला, ओला. असा गळा देवाने उगाच दिला असेल का, असं बाईंच्या मनात आलं. उत्सव होऊ दे, मग लिहू. त्यांनी वही मिटली.

पुढचा शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीत बाई संगीताच्या खोलीवरून चालल्या होत्या. खोली रिकामी, खिळेही रिकामे, फक्त एकावर एक बटण. 'विसरली वाटतं कुणी,' म्हणत त्यांनी ते उचललं. शाल्मलीचं होतं. वर्गात डोकावल्या, तर ती नव्हती. "सकाळपासून पोट दुखतंय म्हणत होती," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "आई घेऊन गेली असेल."

बाईंनी फलक पाहिला. 'शाल्मली निकम: शाळेत. शांत. क्षेम.' शाळेतच आहे, ठीक आहे, येईल मागायला. त्यांनी बटण ड्रॉवरमध्ये ठेवलं.

तीन वाजता भागामावशी संगीताची खोली झाडायला गेल्या. वाद्यांच्या कपाटाला बाहेरून कडी. दोन दारांच्या फटीतून चपलेचं निळं टोक बाहेर आलेलं. चप्पल फटीत गेली होती, पण दार काही उघडलं नव्हतं.

मावशींची किंकाळी ऐकून सगळे धावले. कपाटात तबल्यांच्या जुन्या गाद्यांची धूळ होती. पंप दप्तरात, दप्तर वर्गात. दवाखान्यात आईच ड्यूटीवर होती. गाडी थांबली तेव्हा स्ट्रेचर घेऊन तीच पुढे आली. डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बुवा व्हरांड्यात भिंतीला धरून बसले होते. "पाचच मिनिटं, बाई. बेसूर झालं की पाच मिनिटं. मलाही माझ्या गुरूंनी असंच... मांडववाल्याचा फोन आला, मी विसरलो हो."

मग बाकीची सतराही मुलं हळूहळू बोलली. प्रत्येक जण कधी ना कधी त्या कपाटात बसून आलेला होता. खोलीतलं बाहेर सांगितलं तर देव रागावतो, असं बुवांनी सांगितलं होतं. आणि मुलं देवाला मानत होती.

पोलीस बुवांना घेऊन गेले. महिन्याने सोबती बनवणाऱ्यांकडून एक तरुण अभियंता आली. बिचारी रडवेली होती. "नवं बटण काढताच येणार नाही, मॅडम. नाडीही मोजेल. तुम्हाला आणखी काय हवंय त्यात?"

कुमुदिनीबाईंनी ड्रॉवर उघडला. पोलिसांनी नेलेल्या बटणाची जागा रिकामी होती. ते नेताना, दोन दिवसांनीही, त्यावर हिरवा ठिपका होता. त्यांनी निळी वही पुढे सरकवली. तारीख, नाव, इयत्ता. पुढे कोरा कागद.

"तुमचं बटण खोटं बोललं नाही, बाळ," त्या म्हणाल्या. "त्याला मीच खिळ्यावर टांगलं होतं. पण ही ओळ माझी. ही पुरी करणारं काही बनवता येईल का तुम्हाला?"

बाहेर परिपाठ सुरू झाला होता आणि बाई, सवयीने, कुणाचे नुसतेच ओठ हलताहेत ते पाहायला खिडकीशी गेल्या.

झाली गोष्ट. उठा सावकाश. जाताना दाराशी चपला घालाल, तेव्हा घडीभर थांबा आणि दाराच्या फटीत चप्पल सारणाऱ्या त्या शाल्मलीची आठवण काढा. नाव विसरलात तरी चालेल, ती निळी चप्पल तेवढी ध्यानात ठेवा.