बापूंच्या चवीची तंबाखू

पान घ्या, सुपारी घ्या. तंबाखू मात्र माह्या घरी मागू नका.

बापू वारले तवा जिल्हा परिषदा नव्या नव्या झाल्या होत्या, अन् मी तिथं कारकून. आमच्या गावी, उंद्रीले, नाल्यावर दहाव्याचा पिंड ठेवला, तर कावळा काही शिवेना. जानरावकाका म्हणे, "वावराचं बोल." बोललो. "मायचं बोल." बोललो. कावळे झाडावरून नुसते पाहून राह्यले. ऊन डोक्यावर आलं, लोकं उपाशी. मी वैतागलो अन् बोलून गेलो, "बापू, तुमची तंबाखू मी बनवीन, जशीच्या तशी!"

लगेच कावळा उतरला हो.

अन् मले त्या तंबाखूचीच किळस! बापू गुडगुडीसाठी घरीच बनवत. पत्ती कुटायची, काकवी, सडकं केळ, लवंग, वाळा घालून मळायची, अन् मडक्यात घालून महिनाभर उकिरड्यात पुरायची. मडक्याचं तोंड सोडलं की असा आंबूस, चिकट भपकारा, की जेवलेलं घशाशी यावं. बायको, स्नेहलता, बाळंतपणाले माहेरी शेगावले गेली ते सांगूनच, "ते मडकं घरातून गेलं, तरच लेकरू घेऊन येईन." काय चुकलं तिचं?

म्हटलं, एकदा बापूंच्या चवीची बनवू, त्यांच्या नावानं जाळू, सुटलो.

पहिल्या खेपेले जीभ लावली. जन्मात कधी ओढली नाई, तरी मले समजलं, लवंग जास्त झाली. दुसरीत काकवी करपली होती. तिसरीत सारं बरोबर, तरी काहीतरी उणं. मायले विचारलं. ती दाराकडं पाहून हळूच बोलली.

"ते... आधी पत्ती चावत. अन् मग मडक्यात थुंकत... कोणाले सांगू नको बाप्पा."

शी! अन् गावोगावचे पावणे ती ओढून वाहवा करत!

पण शब्द दिला होता. भरदुपारी गोठ्यात बसलो, नाक दाबून पत्ती चावली, एक गोळा तिसऱ्या खेपेच्या मडक्यात थुंकला अन् भडाभडा ओकलो. मडक्याले फडकं बांधलं. शेगावले निरोप धाडला, ये आता.

दुसऱ्या दिवशी जाळाले म्हणून फडकं सोडलं. वास... बापूंचाच.

आत दोन गोळे होते. माह्या गोळ्यावर दातांचे वळ. दुसरा शेंबडासारखा बुळबुळीत, अजून ऊनऊन. त्यावर दातांची खूणच नाई... नुसती हिरड्यांची. बापूंले शेवटी एकबी दात नव्हता.

सारं जाळलं. राख नाल्यात टाकली. चूळ भरभरून जीभ सोलवटली.

त्याच दिवशी दुपार कलता दारात बैलगाडी थांबली. स्नेहलता लेकराले घेऊन उतरली, हासत जवळ आली. "गेलं का मडकं?"

"हाव, गेलं," म्या म्हटलं.

माह्या तोंडातलं वारं तिच्यापर्यंत पोचलं असंल. ती जागच्या जागी थांबली. झटकन तिनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत खाली ओढला, मान खाली घातली, अन् सासऱ्याले वाट द्यावी तशी भिंतीकडं सरली.

पोरगं आता कॉलेजात आहे. माह्यापुढं तिचा पदर अजून वर झाला नाई.