शून्य कशाचं?

"उद्या चार वाजता सभा, आणि परवा भिंत," वेणीने सांगितलं आणि ती पायरीवर मटकन बसली. "विटासुद्धा आल्यात."

विटा खरंच आल्या होत्या. गल्लीच्या फाटकाशेजारी त्यांची चौकोनी रास रचून ठेवली होती. थोरली आणि तिचा धाकटा भाऊ शंक्या त्या राशीकडे बघत राहिले. सुट्टीचा हा तिसराच दिवस. पत्त्यांचा डाव तसाच अर्धवट पडला.

ही गल्ली म्हणजे दोन उंच भिंतींमधली चाळीस पावलांची वाट. दोन्ही टोकांना लोखंडी फाटकं. अलीकडच्या वस्तीत थोरली आणि शंक्या राहायचे, पलीकडच्या वस्तीत वेणी. रोज दुपारी एक ते तीन दोन्ही फाटकांना कुलूप लागायचं. का लागायचं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता अलीकडच्या वस्तीच्या समितीचे अध्यक्ष म्हणत होते की दोन तासांनी भागत नाही, वाट कायमचीच बंद करू.

"आमच्याकडची शाळा सातवीपर्यंतच आहे," वेणी म्हणाली. "आठवीला मला तुमच्या शाळेत यायचंय. गल्ली गेली तर हमरस्त्याने तीन मैल. त्या ट्रकांमधून मी तुला पाठवणार नाही, असं आजोबांनी सांगून टाकलंय. म्हणजे माझी शाळा संपली."

शंक्याला हे नाव उगीच पडलं नव्हतं. तो लगेच म्हणाला, "पण मुळात एक ते तीन बंद का असते?"

थोरलीला माहीत नव्हतं. तेरा वर्षं त्या फाटकासमोर राहून माहीत नव्हतं, याची तिला जरा लाजच वाटली.

मग तिघं विचारत सुटली, आणि तासाभरात त्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला. अध्यक्ष म्हणाले, "पलीकडच्यांनी चोरी केली, तेव्हापासून." इस्त्रीवाला म्हणाला, "चोरी कसली? मारामारी झाली होती." पाववाल्याच्या मते गल्लीत साप निघाला होता. पलीकडे सायकली दुरुस्त करणारे वेणीचे आजोबा पंक्चर काढताकाढता म्हणाले, "तुमच्या लोकांना दुपारी झोपायचं असतं. आमचा आवाज खपत नाही त्यांना." आणि प्रत्येक जण अशा थाटात सांगत होता, जणू कुलूप घालताना तो स्वतः किल्ली धरून उभा होता.

"यातलं खरं कुठलं?" वेणीने विचारलं.

"चारही," शंक्या म्हणाला. मग म्हणाला, "किंवा एकही नाही. मला काही सुचत नाहीये."

मुलांची आत्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. ती पेपरांच्या गठ्ठ्याआड बसून लाल पेनाने काहीतरी खोडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही 'का' विचारलंत," ती म्हणाली. "'का'चं उत्तर प्रत्येकाच्या खिशात असतं. आता 'कधीपासून' विचारा. आणि कुणी काही ठामपणे सांगितलं की विचारायचं, तुम्हाला हे कसं कळलं? पण नम्रपणे विचारा, नाहीतर कानाखाली बसेल."

"एवढंच असतं तत्त्वज्ञान?" शंक्याचा विरस झाला.

"एवढं केलंस तरी खूप झालं. त्यातलं निम्मंही मला या पेपरांत सापडत नाहीये."

'कधीपासून' विचारल्यावर मोठी माणसं बोटांवर वर्षं मोजायला लागली! चोरी वीस वर्षांपूर्वीची निघाली, मारामारी तीस वर्षांपूर्वीची. पण पाववाल्याची म्हातारी आई म्हणाली, "मी लग्न होऊन इथे आले तेव्हाही दुपारी कुलूप असायचं की." तिच्या लग्नाला झाली होती पन्नास वर्षं.

म्हणजे आधी कुलूप, मग चोरी. गोंधळ कमी व्हायचा सोडून वाढलाच.

"फाटकवाल्या मामांकडे वही असते," थोरलीला आठवलं.

मामा वीस वर्षं फाटक सांभाळत होते. त्यांनी वही दाखवली. बंद केल्याची वेळ, उघडल्याची वेळ आणि शेवटच्या रकान्यात रोज एक शून्य.

"हे शून्य कशाचं, मामा?"

"आता काय सांगू? माझ्या आधीचा शून्य घालायचा. म्हणून मीही घालतो. एक दिवस चुकवलं नाही." मामांनी अभिमानाने छाती फुगवली. "अध्यक्ष म्हणतात, शून्य चोऱ्या. उद्या सभेत हीच वही दाखवायची आहे."

"आणि जुन्या वह्या?"

"त्या असतील कुठेतरी. चला, निघा. एक वाजत आला."

पण वेणीचं लक्ष मामांच्या बैठकीकडे होतं. गल्लीच्या मधोमध त्यांची चौकी होती आणि चौकीत मामा खुर्चीवर बसत नसत. गोणपाट घातलेल्या कसल्याशा गठ्ठ्यावर बसत. गोणपाटाखालून पुठ्ठ्याचे कोपरे डोकावत होते. इतिहासावर इतक्या निवांतपणे बसलेला माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी पावणेएकला तिघं चौकीमागे दबा धरून बसली. प्रत्येकाच्या दप्तरात राशीतल्या विटा. एक वाजता मामांनी दोन्ही फाटकांना कुलूप घातलं आणि ते जेवायला घरी गेले. आता तीन वाजेपर्यंत बाहेर पडायची सोय नव्हती.

"हे काय आहे?" शंक्या कुजबुजला. दोन्ही भिंतींवर, मोठ्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, लोखंडी कड्या होत्या. समोरासमोर. प्रत्येक जोडीखाली पुसट आकडा: पाच, सहा, सात, आठ.

"कैद्यांना बांधत असतील," वेणी म्हणाली आणि स्वतःच दचकली.

"तुला हे कसं कळलं?" शंक्याने अत्यंत नम्रपणे विचारलं. वेणीने त्याला कोपर मारलं.

गोणपाट उचललं. खाली वह्याच वह्या. थोरली सगळ्यांत खालची उघडून वाचायला लागली, आणि वाचतावाचता तिने भिंतीवरच्या कड्यांकडे पाहिलं. मग तिने वही दोघांपुढे धरली. वेणीच्या डोळ्यांत पाणी आलं. का ते तिलाही नीट कळेना.

वह्यांच्या जागी विटा रचून गोणपाट होतं तसं घातलं. तीन वाजता मामांनी फाटकं उघडली, येऊन बसले आणि म्हणाले, "आज बैठक कडक लागतेय." तेवढ्यात तिघं मागून सटकली.

चारला अध्यक्षांच्या कचेरीत सभा भरली. भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो होता. जुन्या बंद गिरणीतल्या पहिल्या मुकादमबाई, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

"फाटक बंद असतं तेव्हा शून्य चोऱ्या," अध्यक्ष वही उंच धरून म्हणाले. "आणखी काय पुरावा हवा?"

"पण उघडं असतानाच्या चोऱ्या कोण लिहितं?" शंक्याने मागून विचारलं.

सभेत चुळबूळ झाली. अध्यक्षांचा चेहरा रागावू की नको असा झाला. तेवढ्यात थोरली पुढे गेली. "काका, तुमच्याकडे फक्त नवी वही आहे. ही सगळ्यांत जुनी. जुना पुरावा जास्त भक्कम, नाही का? तुम्हीच मोठ्याने वाचा."

अध्यक्ष खूश झाले. त्यांनी चष्मा चढवला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"दिवसपाळीच्या बायकांची बाळे दुपारी गल्लीत झोपवली जातात. सबब एक ते तीन सायकली, हातगाड्या व आरडाओरडा बंद. दोन्ही वस्त्यांतील आयांच्या विनंतीवरून." ते थांबले. "शेवटचा रकाना, झोळ्या. आज, अठरा."

"पुढचंही वाचा," थोरली हळूच म्हणाली.

"झोळी क्रमांक सात, मुकादमबाईंचा मुलगा. फार रडतो." अध्यक्षांचा आवाज खाली आला. "आठ नंबर, पलीकडच्या रंगखात्यातल्या बाईंचा मुलगा, शेजारी असला की गप्प होतो. सातला आठशेजारीच टांगावे."

"रंगखात्यातल्या बाई म्हणजे माझी पणजी," वेणी दारातून म्हणाली. "आठ नंबर माझे आजोबा."

अध्यक्षांनी फोटोकडे पाहिलं. मग वहीकडे. मग पुन्हा फोटोकडे. "गिरणी बंद पडली," थोरली सांगत होती, "त्या दिवशी पुढच्या एका वहीत पहिल्यांदा शून्य लिहिलंय. कुलूप काढायचं कुणी सांगितलंच नाही, म्हणून ते राहिलं."

अध्यक्ष वही घेऊन उठले. सभा संपल्याचंही ते सांगायला विसरले. सगळी त्यांच्यामागून गल्लीत शिरली. सातच्या कडीखाली ते क्षणभर थबकले, पुढे गेले आणि सायकलच्या दुकानासमोर उभे राहिले.

"बोला, पंक्चर आहे का?" आजोबांनी मान वर न करता विचारलं.

"नाही," अध्यक्ष म्हणाले. "मी सात नंबर."

आजोबांना अर्थातच काही कळलं नाही. वही त्यांनी दोनदा वाचली, मग हातातली पंक्चरची ट्यूब खाली ठेवली.

विटा परत गेल्या, पाच सोडून. त्या मामांनी बसायला ठेवून घेतल्या. "शाबास रे पोरांनो," ते म्हणाले, "मला फसवलंत, पण शाबास." आत्याने तिघांच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं सगळे खोटं बोलत होते?" शंक्याने तिला विचारलं.

"नाही रे. एकही जण खोटं बोलत नव्हता. समोर कुलूप दिसलं की माणूस पलीकडे चोर आहे असं धरून चालतो."

शंक्याला हे पटलं की नाही, त्याचं त्यालाच कळेना. तो अजून विचार करतोय.

दुसऱ्या दिवशी एक वाजला. मामा किल्ली हातात घेऊन चौकीत घुटमळले. कुलूप घालायचं नव्हतं, पण वही तर भरायची होती, आणि शून्य घालायला हात उचलेना. समोर सात आणि आठच्या कड्यांखाली दोन म्हातारे भिंतीला टेकून वाद घालत बसले होते, लहानपणी नेमकं कोण जास्त रडायचं यावर. मामांनी बराच विचार केला. मग शेवटच्या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं, "दोन. दोघेही जागे."