ठिकाणाचा रकाना

सांगलीपासून समुद्र लांब आहे. मध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडलाय, आणि तो काही कोणाच्या निबंधासाठी बाजूला सरकायचा नाही. तरीही होवाळ सरांनी आयुष्याची आठ वर्षं समुद्रातल्या कवड्यांना वाहिली होती.

नाथाजी होवाळ कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे बेडकावरचं व्याख्यान प्राध्यापकांचं आणि बेडूक यांचा. उरलेल्या वेळात ते कवड्यांचं वर्गीकरण करत. हे वेड कुठून आलं, ते कोणाला सांगत नसत. त्यांची आई बाळाबाई देवीची आराधीण होती. गळ्यात कवड्यांची माळ घालून दारोदार जोगवा मागायची. छप्पन्न साली वस्तीनं धम्म स्वीकारला, तेव्हा तिनं ती माळ स्वतःच्या हातांनी कृष्णेत सोडली आणि घरी येऊन पोराला म्हणाली, "आजवर कवडीनं आपल्याला नाव दिलं. आता कवडीला काय म्हनायचं ते तू ठरव." सरांनी ते अगदी शब्दशः घेतलं.

कोणती कवडी कोणत्या समुद्रात मिळते हे त्यांना पाठ होतं. जीव मात्र कॅरिबियन समुद्रावर. तिथं जाती मोजून पाच-सहा, आणि त्यातली एक, सुरिनाम देशाचं नाव मिरवणारी, इतकी दुर्मिळ की मोठमोठ्या संग्रहालयांतही तिची जागा रिकामी असे. या विषयावरचा सरांचा निबंध दोनदा परत आला होता. शेरा एकच: लेखकानं स्वतः मिळवलेला एकही नमुना नाही. प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर चार रकाने असतात: नाव, ठिकाण, तारीख, संग्राहक. ठिकाण नसलेला नमुना कितीही देखणा असो, शास्त्र त्याला पंगतीला बसवत नाही. पंगतीला न बसवणं म्हणजे काय, हे सरांना शास्त्रानं शिकवायची गरज नव्हती. छापील कागदावर एकदा 'होवाळ' हे नाव यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिला ते वाचता आलं नसतं, पण दाखवता तरी आलं असतं.

चौसष्टच्या जानेवारीत, बेडकांच्या प्रॅक्टिकलनंतर, कडेगावचा भाऊसो प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. विट्याच्या गलाईवाल्यांबरोबर तो पोरवयातच मदुरेला गेला होता. तिथं सोनं गाळायची त्याची भट्टी होती. हातात फडक्यात बांधलेली मातीची मूस होती, सोनं वितळवायची.

"कवड्यांचं मास्तर तुमीच न्हवं?"

सरांनी होय म्हटल्यावर त्यानं खिशातून चिमटा काढला, मुशीतून एक कवडी उचलली आणि टेबलावर ठेवली.

"आबाच्या राखंत गावली."

"कोणी तरी नंतर टाकली असेल."

"सावडाया मीच व्हतो, मास्तर. राख चाळायचा आमचा धंदाच हाय. सराफकट्ट्यावरची केरमाती जाळून गुंजभर सोनं काढतो आमी. बापाची राख तशीच सोडनार व्हय?"

"वडिलांच्या राखेतून सोनं?"

"एक दात व्हता सोन्याचा, पलटनीत असताना बसिवलेला. त्याची वितळून गोळी झाल्याली. शेजारी ही. आता तुमी सांगा. सोनं वितळलं त्या आगीत कवडीचा चुना व्हाया पायजे का न्हाई?"

व्हायला पाहिजे होता. सरांनी कवडी उचलली. नारिंगी-तपकिरी पाठ, फिकट ठिपके. आणि चकाकी. कवडीची चकाकी ही जिवंतपणीची गोष्ट. आतला प्राणी आपली मऊ कातडी दोन्ही बाजूंनी कवचावर ओढून घेतो, म्हणून ती टिकते. ही तर आत्ताच कोणी पांघरूण काढल्यासारखी दिसत होती.

ठिपके उठून दिसावेत म्हणून सरांनी सवयीप्रमाणे तिला जिभेचं टोक लावलं. पाणी लगेच वाळतं, थुंकी जरा टिकते, असं त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं.

"चव बघताय व्हय?" भाऊसोला हसू आलं.

"खारट आहे."

"राख हाय ती. राख काय गोड असती?"

सर हसले. मग भिंगाखाली त्यांनी कवडीच्या ओठांवरचे दात मोजले, पुस्तक काढलं, परत मोजले. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर ते स्टुलावर बसले. सुरिनामवाली होती.

"ठेवून घेऊ का?"

"न्हाई बा. आयनं देव्हाऱ्यात ठिवलीया. रोज तिला आंघूळ घालती, आन् ते तीर्थ पिल्याबिगर घास घेत न्हाई. आज चोरून आनलीया." त्यानं चिमट्यानंच कवडी परत मुशीत घातली. "काय असंल ते घरी येऊन इचारा."

सरांनी तिचा फोटो मात्र काढून घेतला.

पुढच्या रविवारी सर एस.टी.नं कडेगावला गेले. उसाची तोड चालू होती. वाऱ्यावर गुळाचा वास होता. भाऊसोची आई पारूबाई सोप्यात बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे, आवाज मात्र खणखणीत.

"तुमचे मालक, धनाजीराव, कधी कॅरिबियनला गेले होते का?"

"ते कंच्या तालुक्यात आलं?"

"वेस्ट इंडीजकडं, आय," भाऊसो म्हणाला. "ते क्रिकेटवालं न्हाईत का."

"आवं, मिसरात गेलं व्हतं लडाईला, तेवढंच. तितनं आलं ते पान्याला भ्यायाच लागलं. हिरीत सुदीक उतरलं न्हाईत कवा."

"काय आजार होता?"

"आजार कसला! सा म्हैनं नुस्तं मीठ मागायचं. डाक्टरनं मीठ तोडलं, तर भाकरीखाली लपवून खायाचं. शेवटी शेवटी पान्यात कालवून तांब्याच्या तांब्या."

सांगता सांगता ती डाव्या तळहातावरचं काहीतरी उजव्या हातानं चिमटीचिमटीनं तोंडात टाकत होती. शेंगदाणे असावेत, असं सरांना वाटलं. मग त्यांनी नीट पाहिलं. खडेमीठ होतं.

"तुम्हाला काही त्रास, बाई?"

"दुखत काय न्हाई. पोटात कायतरी हाय, पर निवांत हाय. कवातरी कूस बदलतं." आणि ती मोकळेपणी हसली. "ह्या वयात!"

परतताना एस.टी.त सरांनी वहीत सगळं टिपलं. 'मीठ' हा शब्द लिहिला, आणि अप्रस्तुत म्हणून खोडला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला भुताटकी परवडत नाही. आणि पुस्तकातली एखादी नोंद चुकली असेल, समुद्री प्राण्याचा एखादा गोड्या पाण्यातला चुलत भाऊ असेल, अशा शंका काढायला शास्त्रात भरपूर जागा असते.

त्यांनी फोटो आणि मापं लंडनच्या एका संग्रहालयातल्या साहेबाला पाठवली. मार्चअखेर उत्तर आलं. ओळख बरोबर आहे, साहेबानं लिहिलं होतं. पण ही जात खोल पाण्यातली. माणसाच्या हाताला सहसा लागत नाही. जे थोडे नमुने ठाऊक आहेत, त्यांतले काही मोठ्या माशांच्या पोटात मिळाले. तेव्हा तुमचा नमुना कोणाच्या पोटातून आला, ते आधी शोधा. एका नमुन्यावर आम्ही काही छापू शकत नाही. तीन नमुने ठिकाण-तारखेसह पाठवा. या जातीचं नवं ठिकाण म्हणून तुमच्या नावानं छापू.

सरांनी पत्र पत्नीला, लीलाबाईंना, वाचून दाखवलं. लीलाबाई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "तीन? साहेबाला काय वाटतं, दुकानातून आणायच्यात?"

एप्रिलमध्ये पारूबाई गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर ओढ्याकाठच्या स्मशानात हजर होते. आपण सांत्वनाला आलोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं, आणि ते निम्मं खरंही होतं. राखेवर दूध-पाणी शिंपडायच्या आधी भाऊसोनं सगळ्यांना मागं सारलं. पितळी चाळणी घेतली. डोक्याकडून सुरुवात केली. भावकीतले चार जण बघत उभे होते.

चाळणीत काहीतरी वाजलं.

"मास्तर," भाऊसोनं मान वर न करता हाक मारली. "या."

कवडी होती. जरा मोठी. तीच पाठ, तेच ठिपके.

"पहिली?" सरांनी हळूच विचारलं.

"देव्हाऱ्यात हाय. निघताना बगून आलोय."

"आईच्या अंगावर वगैरे—"

"आंघूळ घातल्याल्या बायास्नी इचारलंय. काय नव्हतं."

"कुठं होती? म्हणजे, डोक्याकडं की..."

"मधी."

कवडीखालची राख काळी पडली होती. ओल्या बोटानं टिपावी तशी. दूध-पाण्याचा तांब्या अजून भरलेला, बाजूला तसाच होता.

सरांच्या छातीत काहीतरी उसळलं. ते दुःख असायला हवं होतं. नव्हतं.

"दोन," ते म्हणाले.

"काय म्हनला?"

"काही नाही."

भाऊसोनं सावडण उरकलं आणि त्यांना घरी नेलं. मग दोन्ही कवड्या मुशीत घालून मूस त्यांच्या हाती दिली. "न्या. आमच्यात नगंत. माझी मालकीन कालपास्नं देव्हारा पुसाया लागलीया." मग म्हणाला, "मी हात लावला न्हाई एकदाबी. चिमट्यानंच धरली. भट्टीवाल्याला सवय असती. काय गरम हाय ते डोळ्याला दिसत न्हाई."

कॉलेजातल्या कपाटाचं कुलूप बिघडलेलं, म्हणून सरांनी कवड्या घरी नेल्या. राखेचा अंश निघावा म्हणून दोन्ही रात्रभर पाण्यात भिजत घातल्या. सकाळी लीलाबाईंचा आवाज चढला.

"माझी मिठाची वाटी बरी सापडली तुम्हाला! मीठ ओतून ठेवलंय डब्यात."

"चिनी मातीची आहे. धातू चालत नाही."

"आणि संसार चालतो?" त्यांनी कवड्या टेबलावर काढल्या, पाणी ओतून दिलं, वाटी नुसती पदराला पुसली आणि तिच्यात पुन्हा मीठ भरलं.

मे गेला. जून लागला. सर निबंधाची स्वच्छ प्रत काढत होते. पहिली चिठ्ठी झाली, दुसरी झाली. ठिकाण: कडेगाव, तालुका खानापूर. तिसरीसाठी त्यांनी रिकामी डबी तयार ठेवली होती. कृष्णेच्या कोळ्यांना सांगून ठेवलं होतं. रोज सकाळी घाटावर जाऊन माशांची पोटं चिरलेली पाहत. आत चिखल निघे.

एका रविवारी दुपारी लीलाबाई पानावर बसताना म्हणाल्या, "पिठल्यात दोनदा मीठ पडलंय. आधीच सांगते."

"मला तर अळणी लागतंय."

लीलाबाईंनी एक घास घेतला. "हो की," त्या म्हणाल्या.

जेवण झाल्यावर सर लिहायला बसले. निबंधातला शेवटचा तक्ता उरला होता, तपासणीच्या पद्धतीचा. त्यांनी जानेवारीतली टिपणवही उघडली. स्वतःचं वळणदार अक्षर. लांबी. रुंदी. दातांची संख्या.

ओलावा: जिभेने.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

मग चार पानं उलटून कडेगावची नोंद काढली. खोडलेला शब्द खोडलेला असूनही नीट वाचता येत होता. त्याच्या वरच्या ओळीत तीर्थ.

बाहेर टांगा गेला. कुठंतरी रेडिओ लागला होता. सरांनी सदरा वर केला आणि बरगड्यांच्या खाली पंजा टेकवला. काही दुखत नव्हतं.

ते थांबले.

पंजाखाली काहीतरी, निवांतपणे, कूस बदललं.

मिरजेच्या दवाखान्यात जाऊन पोटाचा एक्स-रे फोटो काढून घ्यावा, असं त्यांच्या मनात आलं. काढून काय करायचं, हेही मनात आलं. मिठाची ओढ लागल्यापासून धनाजीला सहा महिने मिळाले होते, पारूबाईला तीन. निबंध पुरा करायला तेवढा वेळ पुष्कळ होता. त्यांनी दौत जवळ ओढली, तिसरी चिठ्ठी घेतली आणि नावाचा रकाना भरला. ठिकाणाच्या रकान्यापाशी टाक क्षणभर थांबला. मग तिथं त्यांनी लिहिलं: सांगली. संग्राहक: भाऊसो, कडेगाव. तारखेची जागा मोकळी सोडली. निबंधाच्या पहिल्या पानावर, नावाच्या जागी, 'ना. बा. होवाळ' लिहिलं. 'बा' बाळाबाईचा.

मग भाऊसोला एक कार्ड लिहिलं. मदुरेला परतला असल्यास तिकडं पाठवावे, अशी वर टीप केली. 'चाळणी आणि चिमटा घेऊन एकदा सांगलीला यावे लागेल. कधी, ते माझी पत्नी लीलाबाई कळवतील.'

संध्याकाळी दिवेलागणीला लीलाबाईंनी हाक मारली. सर पाटावर बसले. भाकरी होती, वांग्याची भाजी होती. त्यांच्या ताटाशेजारी न मागता मिठाची वाटी ठेवलेली होती, तीच, चिनी मातीची.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?" लीलाबाईंनी विचारलं. "गप्प आहात."

"बरं आहे. तिसरा नमुना मिळेल असं दिसतंय."

"मिळेल हो," त्या म्हणाल्या आणि समोर आपलं ताट घेऊन बसल्या. त्यांच्या ताटाशेजारीही एक वाटी होती. काठोकाठ भरलेली. भाकरीला हात लावण्याआधी त्यांनी त्यातली चिमूट उचलली, शेंगदाणा टाकावा तशी तोंडात टाकली आणि डावा हात नकळत पोटावर ठेवला.

सरांनी घास खाली ठेवला.

साहेबानं तीनच मागितले होते.