गाडीपुढचा नारळ

बेळगावात गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, आणि आमच्या आईनं पिशवीत नारळ घेतला होता. माझ्या प्रेमाची सुरुवात सांगायची तर ती एवढीच.

साल नव्वद असेल. आता घरोघरी गाड्या झाल्या. तेव्हा आमच्या रामनगरात नवी जीप आली तरी माणसं दुकानं सोडून बघायला यायची. खानापूरच्या पाहुण्यांनी मला पसंत केलं होतं. रविवारी आप्पांनी जाऊन होकार सांगायचा, असं ठरलेलं. 'नको' म्हणायला काही कारण सापडत नव्हतं, म्हणून मीही गप्प होते. त्याच खुशीत आप्पा आम्हा सगळ्यांना गाड्या बघायला घेऊन गेले. घ्यायची ऐपत नव्हती, नुसत्या बघायच्या. काकी तर लग्नाला निघाल्यासारखी नटली होती.

मांडवात एका पांढऱ्या गाडीपाशी आई थबकली. नवी कोरी गाडी, आणि कुंकवाचं बोट नाही… तिला बघवेना. मी "आई, अगं…" म्हणेपर्यंत तिनं कुंकू लावलंसुद्धा. आप्पांनी चाकापुढं नारळ फोडला, आणि अख्खा मांडव आमच्याकडे वळला.

टाय लावलेला एक मुलगा धावत आला.

"मॅडम, प्लीज…" एवढं जेमतेम बोलला, मग कुंकू दिसलं आणि त्याचा शहरी रुबाब गळून पडला. "मावशी, काय केलासा ह्ये? ही गाडी इकायची न्हाई, दाखवायची हाय."

"दाखवायची झाली तरी गाडीच न्हवं?" आई म्हणाली. "कुठला रं तू?"

"गुंद गावचा. अर्जुन."

"मग आपलाच की."

मी लाजेनं मेल्यासारखी होऊन पदरानं कुंकू पुसायला वाकले. तोही रुमाल काढून वाकला. कुंकू आणखीच पसरलं.

"पदर खराब हुईल तुमचा," तो हळूच म्हणाला. "डाग जात न्हाई कुंकवाचा."

"मग तुमच्या रुमालाचं काय?"

"ऱ्हाऊ दे की. आठवण…" पुढचं त्यानं गिळलं. कान मात्र लाल झाले.

तेवढ्यात त्याचे साहेब आले. "हे कुणी केलं?"

मी मान खाली घातली.

"मीच, सर," अर्जुन म्हणाला. "आमच्याकडं नव्या गाडीला लावतात."

सगळ्यांदेखत त्यानं बोलणी खाल्ली. खाताना एकदाच माझ्याकडे बघितलं, आणि ओठातल्या ओठात हसला. तो मला आवडला… तिथंच, त्या क्षणी, आणि फार आवडला.

निघताना आईनं नारळाची एक वाटी त्याच्या हातात ठेवली. "परसाद हाय. रामनगरला आलास तर बाबुरावांचं दुकान इचार. मागंच आमचं घर."

परतीच्या बसमध्ये मी पदरावरचा डाग मुठीत धरून बसले होते. 'नको' म्हणायला आता कारण सापडलं होतं. पण सांगणार कसं? एकदा दिसलेल्या मुलाचं नाव घेतलं असतं, तर काकीनं गावभर केलं असतं. मी दिवसभर कामात असायची, आणि रात्री साडीची घडी उलगडून तो डाग बघायची.

रविवार उजाडला. आप्पा टोपी घालून, पायात चपला सरकवून खानापूरला निघाले, तर अंगणात अर्जुन उभा. टाय नव्हता. हातात कागदात गुंडाळलेली नारळाची वाटी.

"ही ऱ्हायली हुती माझ्याकडं," तो म्हणाला. "परत द्यायला आलो."

आईनं वाटी नाकाशी नेली. "अरं, ही तर नासली."

"व्हय मावशी… ठावं हाय." त्यानं मान खाली घातली. "पर यायला कायतरी निमित्त पायजे हुतं."

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं, मग दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"मंगल, खानापूरला जाऊ… का थांबू?"

मला कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

"थांबा, आप्पा."

आप्पांनी चपला काढल्या. आईनं नासकी वाटी परसात टाकली, आणि आत जाऊन दुसरा नारळ काढला.